घरगुती वापरासाठी

बयाबाई पहिल्यांदा माझ्या टेबलापुढं आली तेव्हा तिच्या डोक्यावर सौर दिव्याचं खोकं होतं. सातारला ग्राहक आयोगाच्या बाहेर मी टायपिंग करते. तक्रार घेऊन येणारे लोक बहुधा खालच्या आवाजात बोलतात, जणू फसवणूक त्यांनीच केली आहे. या बाईनं खोकं दाणकन टेबलावर आदळलं आणि म्हणाली, लिहायला घ्या. मला ती तिथंच आवडली.

ती माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. गावात एक खोली, तीही पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि नवरा सिद्धू, मुलगा, सून राणी अशा सगळ्यांनी मेंढरं घेऊन कराड-वाळव्याकडं उतरायचं. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. त्या साली राणीला दिवस गेलेले, म्हणून बयाबाईनं निघण्याआधी दहिवडीतल्या अमृतशेठच्या दुकानातून दोन वर्षांच्या हमीचा दिवा घेतला. महिन्याभरात त्याची बॅटरी फुगली. नातू जन्मला तो मोबाईलच्या उजेडात.

माघारी आल्यावर ती दुकानात गेली. अमृतशेठनं हमीपत्रावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. फक्त घरगुती वापरासाठी. तुम्ही दिवा रानात वापरला, म्हणाला, रान म्हणजे काय घर आहे? दुकानातली गिऱ्हाइकं हसली. बॅटरीचा राग एखादवेळेस निवळलाही असता, पण ते हसणं तिच्या डोक्यात गेलं.

वकील लावायचा नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं. तक्रार दाखल झाली, पुढची दिवाळी आली, मेंढरं खाली उतरली. आता ही बाई पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही, अशा समजुतीत शेठचा वकील होता. तारखेला बाई हजर. ज्या शिवारात मुक्काम असेल तिथून ती पहिली एसटी धरायची. अंगाला मेंढरांचा वास यायचा. वकीलसाहेब नाकाला रुमाल लावायचे, आणि ती मुद्दाम त्यांच्याच शेजारी जाऊन बसायची.

मग शेठ नरमला. नवा दिवा देतो म्हणाला, फक्त दिवा घराबाहेर वापरला एवढं लिहून सही करा. सिद्धूचं म्हणणं, घेऊन टाक, आपल्याला दिव्याशी मतलब. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं आणि मी ते बोलून दाखवलं. बयाबाई आम्हा दोघांवर भडकली. अशी सही केली तर सुनेनं पोर उघड्यावर टाकलं असं लिहून दिल्यासारखं होईल, म्हणाली. कागद तिनं तसाच परत पाठवला.

शेवटच्या सुनावणीला वकिलानं तीच ओळ पुन्हा वाचली. वर विचारलं, भिंत नाही, दार नाही, याला घर म्हणायचं तरी कसं? अध्यक्षबाईंनी बयाबाईकडं पाहिलं. ती उठली. आवाज तिनं अजिबात चढवला नाही.

“बाईसायेब, माज्या सुनंचं बाळातपण आमच्या चुलीमागं झालं. तितंच आमी पाचवी पुजली. पोरगं घरात जल्मलं न्हाई म्हनत्यात, तर मग कुटं जल्मलं, तेवडं ह्यास्नी लिवून द्याय सांगा.”

वकिलानं कागद चाळायला घेतले.

निकाल तिच्या बाजूनं लागला. तक्रारदाराचं बिऱ्हाड जिथं असेल त्या घरी जाऊन शेठनं नवा दिवा बसवून द्यावा, असा आदेश झाला. ‘त्या घरी’ हे शब्द तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

शेठ दिवा बसवायला जाणार होता त्या दिवशी मी टेबल बंद ठेवलं आणि मुद्दाम बघायला गेले. मला शेठचं तोंड बघायचं होतं, उगाच साळसूदपणा कशाला? मुक्काम बोरगावच्या बाजूला, आप्पासो नावाच्या बागायतदाराच्या मोकळ्या रानात होता. शेठ विचारत विचारत, खांद्यावर खोकं घेऊन बांधावरून आला. मेंढरांभोवतीची जाळी ओलांडली आणि तीन दगडांच्या चुलीकडं तरातरा निघाला. राणी तिथं पोराला पाजत बसली होती.

बयाबाईनं हात आडवा केला.

“शेठ, बूट तितंच काडा. घर हाय ह्ये.”

शेठनं खाली पाहिलं. सगळीकडं लेंड्या पडलेल्या. माझ्याकडं पाहिलं, तर मी हसू दाबत होते. शेवटी त्यानं खोकं खाली ठेवलं, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पांढऱ्या मोज्यांवर चुलीपाशी आला. तेव्हा कुठं बयाबाईनं, दारात आलेल्या पाहुण्याला देतात तसा, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.