दुसरा कंट्रोलर

दर भाऊबीजेला ताई पांढरकवड्याहून घाटंजीला येते, ओवाळते आणि परतीच्या बसपर्यंत आम्ही टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळतो. यंदा त्या खेळाचा जुना कन्सोल बिघडला. नव्यात कंपनी देईल तेवढेच गेम चालणार, म्हणून मी आतले प्रोग्राम आपल्याला हवे तसे बदलता येतील असं खुलं यंत्र घेतलं. ऐन भाऊबीजेला ते ताईचा दुसरा कंट्रोलर ओळखेना. मी सेटिंग चाळत राहिलो. ताई ताट घेऊन उभी होती.

"पाटावर बस नं. दिवा विझून राह्यला."

"पाचच मिनिटं, ताई."

"खेळासाठी घेतलं का दुरुस्तीसाठी?"

ओवाळताना माझी नजर पडद्यावरच होती. बसची वेळ झाली तरी ते जुळलं नाही. तिला बसमध्ये बसवून आलो आणि पुन्हा सेटिंग उघडली. थोड्या वेळानं दोन्ही कंट्रोलर चालू झाले. शर्यत सुरू केली. दुसरी गाडी रेषेवरच उभी राहिली.