कोऱ्या डिस्कवर विश्वास न ठेवणारी माधवी

माधवी तायडेला एकच काम दोनदा करायचा मनापासून कंटाळा. तेल्हाऱ्याला राहणाऱ्या तिच्या आईचं, जाईबाईंचं, ठाम मत आहे की पोरगी आळशी आहे. अमरावतीच्या ऑफिसात याच आळसाला ऑटोमेशन म्हणतात आणि वर पगार देतात. आईला हे पटवायचा नाद माधवीनं सोडून दिला आहे.

ऑफिस मोरोपंतांचं. शाळांना, क्लासवाल्यांना ते सर्व्हरवरची जागा भाड्यानं देतात. मशीन असतात अकोल्यात एका थंडगार खोलीत, चालवणारे अमरावतीत. एका थोराड मशीनच्या पोटात दहा-बारा कॉम्प्युटर मांडायचे. ते हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्यासारखं करतात. मात्र त्यांचा पसारा ठेवायला खरी जागा लागते. म्हणून नवं मशीन आलं की आधी त्याच्या डिस्क पुसायच्या, कुठली कशाला ते ठरवायचं आणि बाकीच्यांची मिळून एक मोठी कोठी करायची. पहिल्या मशीनच्या वेळी हे सगळं माधवीनं एस.टी.नं अकोल्याला जाऊन, अंगावर शाल गुंडाळून, हातानं केलं. परत येतानाच तिनं ठरवलं, पुन्हा नाही. मग एका दुपारचं काम टाळायला ही आळशी कित्येक आठवडे खपली आणि तिनं एक स्क्रिप्ट लिहिली. अमरावतीत बटण दाबलं की अकोल्यातलं मशीन आपलं आपण उठेल, नेटवर्कवरून हवं ते मागवून घेईल, डिस्क लावेल आणि 'तयार' म्हणून कळवेल.

या स्क्रिप्टला एक खोड होती, आणि ती थेट माधवीवरून आलेली. पुसण्याआधी ती प्रत्येक डिस्कची झडती घेई. आत जुन्या मजकुराची खूण दिसली की अडून बसे आणि पडद्यावर लिही, 'थांब. याच्यात कोनाचं तरी काही हाये.'

मोरोपंतांना हे खटके. "जरा शुद्ध लिही गं."

"शुद्ध लिहिलं तं कोनी वाचत नाही, सर. 'सूचना' दिसली का मानूस ओके दाबते."

दसरा झाला आणि अकोल्यातलं नवं मशीन चालू करायचा दिवस आला. त्यासाठी चारुशीलाबाई मुद्दाम अमरावतीला आल्या होत्या. बाई अकोल्यात कर्णबधिर मुलांना विज्ञान शिकवतात. हातांच्या खुणांच्या भाषेतले त्यांचे सगळे धडे रेकॉर्ड करून जुन्या मशीनवर ठेवलेले होते. दहावीची मुलं त्यावरच अभ्यास करत. ते मशीन थकलं म्हणून दसऱ्याच्या सुट्टीआधी बंद केलं होतं. नवं लागलं की धडे त्यावर आणायचे होते. दुसरी प्रत काढायची गोष्ट निघाली की मोरोपंत 'बघू' म्हणत. सहामाही तोंडावर आली तरी ते बघतच होते.

माधवीनं जरा ऐटीतच बटण दाबलं. अकोल्यातलं मशीन उठलं, कामाला लागलं, डिस्कपाशी आलं आणि अडलं. पडद्यावर तीच ओळ.

"अगं, परवा खोकं फोडून बसवलेलं मशीन," मोरोपंत म्हणाले. "त्यात कुणाचं काय असणार? कारखान्यातलंच काही राहिलं असेल. तुझं ते 'जबरी' आहे ना, ते दाब."

'जबरी' म्हणजे झडती न घेता पुसून मोकळं होणं. तो पर्यायही माधवीचाच. आणि मोरोपंत बोलले ते काही खोटं नव्हतं. नव्या डिस्कवर कारखान्याच्या चाचणीचं काहीबाही राहिलेलं तिनं पाहिलं होतं. त्यात पाहुण्यांसमोर फजिती झालेली. तिचं बोट 'जबरी'पर्यंत गेलंसुद्धा. पण स्क्रिप्ट अडली होती दोनच डिस्कवर. कारखान्यातलं असतं तर सगळ्यांवरच असतं. या दोघींनी काय वेगळं खाल्लं?

तिनं अकोल्याला देवरावांना फोन लावला. खोलीची देखभाल त्यांच्याकडे.

"देवरावकाका, नव्या मशीनले कोनी हात लावला का?"

"नाही बा, ताई. कोन लावते? किल्ली माह्याजवळ."

"मंग तुमी लावला का?"

"हात म्हनजे... दसऱ्याले पूजा केली ना."

"कशी केली?"

"कशी म्हनजे? कुकू लावलं, फुलं वाह्यली."

"झाकनाले?"

"झाकनाले कायले? झाकन काय काम करते? नव्याच्या दोन डिस्का काहाडल्या, जुन्याच्या दोन काहाडल्या, पाटावर मांडल्या. जुनं इतके वर्स राबलं, त्याले काहून सोडाव? सरच बोलले होते, पूजा यथासांग झाली पाहिजे."

मोरोपंत खिडकीबाहेर पाहू लागले.

"अन् परत लावतानी कोनती कुठी लावली?"

"आता ताई, चारी सारख्याच दिसून राहिल्या होत्या."

चारुशीलाबाईंनी हळूच विचारलं, "काय आहे गं त्या दोन डिस्कमध्ये?"

"बहुतेक तुम्हीच आहात, बाई."

पुढचं काम माधवीनं न चिडता केलं, हे तिच्या ओळखीच्यांना सांगून खरं वाटत नाही. अडलेल्या डिस्कचे नंबर पडद्यावर होतेच. नवं मशीन बंद करून देवरावांनी दुपट्ट्यानं कुंकू पुसलं, फोनवर एकेक नंबर मोठ्यानं वाचला आणि चारही डिस्क आपापल्या घरी लावल्या. मग जुनं मशीन चालू केलं. ते कण्हत उठलं. माधवीनं अंदाजानं एक धडा उघडला. पडद्यावर चारुशीलाबाई: एका हाताची मूठ म्हणजे जमीन, तिच्यातून दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू वर येतंय. बी रुजत होतं.

बाई पुढे सरकून पडद्यात डोकावल्या. मग म्हणाल्या, "अय्या, ही साडी मी देऊन टाकली!" आणि खुर्चीत मागे रेलल्या.

मोरोपंत घसा खाकरून म्हणाले, "हं, आता चालव तुझी स्क्रिप्ट."

"आधी दुसरी प्रत, सर. इथं, अमरावतीत."

"आज?"

"आत्ता."

मोरोपंत 'बघू' म्हणाले नाहीत. चहा सांगायला उठले.

प्रत पुरी व्हायला दिवस कलला. मग माधवीनं पुन्हा बटण दाबलं. नवं मशीन उठलं, झडती झाली, डिस्क पुसल्या गेल्या, कोठी तयार झाली, धडे आत जाऊ लागले. कुठं अडलं नाही, कुठं खुट्ट झालं नाही. एवढी देखणी गोष्ट, पण बघायला कुणी नाही. मोरोपंत बाईंकडून बी कसं रुजवायचं ते शिकत होते, आणि त्यांचं बोट मुठीतून बाहेर यायलाच तयार नव्हतं.