प्रत्येक फोटोत एक रुमाल

रंगाच्या बाबतीत देवावरसुद्धा विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या बेंगळूरात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे वरच्या मजल्यावर. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून इथलंच, मराठी बोलायचे पण मध्येच कानडी, थोडंसं म्हणायला 'स्वल्प' काय आणि बरं म्हणायला 'सरी' काय, मी सांगलीकडून लग्न करून राजाजीनगरात आले तेव्हा मला अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटायची. भीती मला सगळ्याचीच वाटायची, रिक्षावाल्याची, गॅसची, दुकानात काय मागायचं त्याची, सातवी शिकलेल्या बाईनं एवढ्या मोठ्या गावात तोंड उघडायचं तरी कसं. पण अण्णांची नाही वाटली कधी. कारण पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते भर रस्त्यात, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना, एक टोमॅटो उन्हात धरून उभे होते. भाजीवाल्यानं वर लाल ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली हिरवा टोमॅटोपण लाल दिसतो असं त्यांचं म्हणणं, म्हणून अर्धा किलो घ्यायचा तर ते एकेक टोमॅटो बाहेर आणून बघायचे. भाजीवाला ओरडला, "अण्णा, विकत घेताय का सून करून घेताय?" अण्णा म्हणाले, "सून बघायची तरी उन्हातच बघावी." आणि गेले दुसरा आणायला.

पीण्या भागात रंगाचा कारखाना होता, तिथं त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, डब्यातला रंग नमुन्याच्या रंगाशी जुळतो का ते बघायचं. त्यामुळं अंगात कायम राखाडी शर्ट. लाल शर्ट घातला तर समोरच्या वस्तूवर लाल सांडतो, निळा घातला तर निळा, राखाडी तेवढा कुणाच्या मध्ये पडत नाही, असं सांगायचे. कारखाना सुटला तरी शर्ट सुटले नाहीत. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो, त्या म्हणायच्या, "लग्नातपण राखाडी कोट घालून आले होते. माझ्या आईला वाटलं, नवरा अजून यायचाय." वाड्यातल्या कुणाला साडी घ्यायची असली की अण्णांना बरोबर न्यायचे आणि पस्तावायचे, कारण ते साडी घेऊन सरळ फुटपाथवर जायचे आणि दुकानदार चोर चोर करत मागं धावायचा.

त्यात पुतण्यानं सिंगापूरहून त्यांना एक छोटा कॅमेरा आणला. खिशात मावेल एवढा, बटण दाबलं की झालं, बाकी सगळं त्याचं तोच करतो. नेमकं हेच अण्णांना पटेना. "त्याचं तो करतो म्हणजे काय करतो?" म्हणायचे. बरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पोथीसारखं वाचलं, इंग्रजी संपल्यावर जपानी पानंपण उलटली, अक्षर कळेना तर चित्रं बघितली. मग आम्हाला शिकवायला बसले. हा रोल उन्हासाठी केलेला असतो, ट्यूबलाईटखाली काढलं तर माणसं हिरवी येतात, बल्बखाली काढलं तर पिवळी. मग फोटो धुवायच्या लॅबमधलं मशीन आपल्या मनानं ते दुरुस्त करतं आणि तिथंच घोटाळा. "मशीननं काय माणूस बघितलाय? त्याला वाटतं पिवळं फार झालं, ओतलं निळं. निगेटिव्ह हा कच्चा माल आहे. प्रिंट म्हणजे मशीनचं मत!" म्हणून फोटो वाटून टाकायचे आणि निगेटिव्ह तिजोरीत ठेवायचे. अक्कांच्या बांगड्या बाहेर साध्या कपाटात.

आणि मशीनला पकडायचं म्हणून प्रत्येक फोटोत एक पांढरा रुमाल. रुमाल पांढरा आला तर बाकीचे रंग खरे, नाही आला तर मशीननं हात मारलाय. भाचीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर रुमाल टाकला, भटजीच्या टाकला, गाईच्या शिंगाला बांधला. अक्का आल्बम उघडून म्हणायच्या, "बघ ग पोरी, सगळ्या खानदानाचं धुणं वाळत घातलंय ह्यांनी." छत्तीस फोटोंचा रोल उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला घातला की गौरीगणपतीला निघायचा, एक फोटो वाया गेला तर दोन दिवस जेवताना बोलायचे नाहीत. आम्ही फार हसायचो. मीपण हसायचे. ते आता आठवलं की कसंतरी होतं.

कारण पुढं मला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी नर्सिंग होममधून घरी आलो आणि चौथ्या दिवशी मला तो पिवळा वाटायला लागला. घरात उजेड कमी, खिडकी एकच, भिंतीला पिवळा चुना, मी परत परत त्याला उचलून बघायचे. दूधपण धड ओढेना, नुसता झोपायचा. सासूबाईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "आमच्याकडची पोरं हळदीच्याच रंगाची असतात. तुला उंदीर दिसला तरी वाघ वाटतो." नवरा म्हणाला, आईनं चार पोरं वाढवलीत, तू पहिलंच बघतेस. खरंच होतं ते. पण रात्री परत परत उठून त्याला बघत राहिले, आणि कुणाला काय सांगायचं, मला काय कळतंय.

पाचव्या दिवशी पूजा होती. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. सकाळी अण्णा कॅमेरा घेऊन खाली आले, खिडकीशी बाळाला निजवायला लावलं, फ्लॅश बंद केला, उशाला रुमाल ठेवला आणि मला म्हणाले, "तुझा हात त्याच्या छातीवर ठेव, हलेल तो." एक फोटो काढला आणि तिथंच उभे राहिले. मला म्हणाले, "पोरी, तुला कसा दिसतो?" मी सासूबाईंकडे बघितलं आणि म्हटलं, "बरा आहे की." ते तडक वर गेले, आणि अक्का नंतर सांगत होत्या की अर्धा रोल शिल्लक असताना ह्यांनी तो काढला, चप्पलसुद्धा उलटसुलट घातली आणि लॅबला पळाले. त्यांच्या डोळ्यांना शंका आली होती, पण स्वतःच्या डोळ्यांवर तरी त्यांचा कुठं विश्वास होता.

दुपारी फोटो घेऊन आले. सासूबाईंनी हातातून ओढूनच घेतला. "अग बाई! गुलाबाचं फूल! आणि ही म्हणते पिवळा!" खरंच, पोर गुलाबी दिसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. अण्णा उंबऱ्याशी बसले. म्हणाले, "स्वल्प इकडं ये. पोराला नको बघू. तुझा हात बघ."

माझा हात निळा होता. मेलेल्या माणसासारखा. आणि उशाचा रुमालपण निळा.

"तुझा हात असा आहे का?" त्यांनी विचारलं. मी हात पुढं केला, उजेडात धरला. नव्हता. "मशीननं अख्ख्या फोटोवर निळं ओतलं," ते हळू बोलत होते, "एवढं निळं ओतल्यावर हे पोर गुलाबी दिसतंय. मग निळं नसताना ते कसं आहे? मी डॉक्टर नाही. मला फक्त रंग कळतो. चल."

सासूबाई आडव्या आल्या, पाचव्याच दिवशी बाळंतीण उंबरा ओलांडणार का, लोक काय म्हणतील. अण्णा त्यांच्याशी कधी वर आवाज करून बोलले नव्हते. म्हणाले, "ताई, मी चुकलो तर आयुष्यभर मला हसा. सगळे हसतातच." मी पोराला उचललं आणि पायात काहीतरी घालून बाहेर पडले. रिक्षात मी नुसतं त्याच्या नाकाशी बोट धरून बसले, श्वास आहे का बघत.

डॉक्टरांनी बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून उचलला, मग छातीवर, मग पायावर. टाचेतून रक्त घेतलं. कागद आला तेव्हा ते मला नाही, अण्णांना म्हणाले, "आज आणलंत ते बरं केलंत. कावीळ अजून चढली असती तर मेंदूपर्यंत गेली असती." पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं, आणि तो निळा उजेड मी काचेतून बघत राहिले, एवढंसं पोर, हातपाय हलवत होतं. चार दिवस. नवरा कारखान्यातून यायचा आणि माझ्याकडे न बघता शेजारी बसायचा. अण्णा रोज यायचे. नर्सला विचारायचे, हा कुठला निळा, किती निळा, ती वैतागून म्हणाली, "आजोबा, बाहेर बसा." ते बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "बघितलंस? पिवळ्यावर निळाच. मशीननं कागदावर केलं, हे पोरावर करतायत." मग म्हणाले, "त्या दिवशी तुला दिसला होता ना ग पिवळा? मग बरा आहे असं का म्हणालीस?" चौथ्या दिवशी पोर घसा फाडून रडलं, दुधासाठी, आणि अख्ख्या वॉर्डात मी एकटीच त्या रडण्यानं हसत होते.

तीन वर्षांनी अण्णांना सगळं दूध पिवळं दिसायला लागलं. दोन दूधवाले बदलले, तिसऱ्याशी भांडले, मग एक दिवस स्वतःच म्हणाले की आता माझंच मशीन बिघडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लेक होसकोट्याला राहायची, तिनं दोघांना न्यायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो दारात लागला, माझा नवरा दोऱ्या बांधत होता, सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. अण्णांनी माझ्या पोराला हाक मारली, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग अक्कांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "पोरी, ह्याचा रंग कसा आहे ग? मला काही कळेना."

मी वाकून बघितलं. कपाळ बघितलं, कान बघितले, पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघितला. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"चांगला आहे अण्णा," मी म्हटलं. "गव्हाळ आहे. उन्हात खेळतो म्हणून गाल तेवढे लाल झालेत."

त्यांनी मान हलवली, त्या गालावरून एकदा हात फिरवला आणि अक्कांचा खांदा धरून टेम्पोत चढले.