धक्क्यावरचा जवळा

राजूरच्या आठवडी बाजारात बंदरमावशी भर दुपारी मान वर करून सांगायची, "आता आमचेकरं भरती लागली." समुद्र तिथून दोन घाट खाली. समोरची गिऱ्हाईक बाई म्हणायची, "लागू दे गं, तू माप भर." "भरलाय माप. तुझी पिशवीच फाटकी." सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. मी राजूरला नवा मास्तर होतो. मावशीचं खरं नाव मी कधी विचारलंच नाही, याची आता लाज वाटते.

ती खाडीवरच्या एका छोट्या बंदरातून सुका जवळा आणायची. पावसाळ्यात डोंगरातल्या वाड्यांना कालवण तेवढंच, म्हणून उन्हाळ्यात तिच्याभोवती ही गर्दी. बदल्यात ती नाचणी घ्यायची, वरई घ्यायची. तिच्या बंदरातून मिठाचे मचवे, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्या, शहराच्या धक्क्याला जायचे. तिच्या पाट्याही मचव्यातूनच जायच्या आणि तिथून मीठ घेऊन वर येणाऱ्या ट्रकात चढायच्या. पुढे खाडी गाळाने भरली, मीठ रेल्वेने जाऊ लागलं, मचवे थांबले आणि तो ट्रकही थांबला.

मावशी मात्र थांबली नाही. ती एस.टी.ने येऊ लागली.

एकदा घोटीच्या स्टँडवर राजूरच्या गाडीतून कंडक्टरने तिच्या दोन्ही पाट्या खाली उतरवल्या. म्हणाला, "वासानं पॅसेंजर मरतील." मावशी खाली उतरली आणि गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसली. "मचव्यानं कधी नाक मुरडला नाय. तुझी गारी काय त्याच्यापरीस मोठी? चालव आता." मी त्याच गाडीत खिडकीशी, नाकाला रुमाल लावून. मला उतरता आलं असतं. उतरली ती मागच्या बाकावरची एक वाडीतली बाई. तिने एक पाटी उचलून आणली, मांडीवर घेतली आणि कंडक्टरला म्हणाली, "ही माझी हाय. पावसाळ्यात माझी पोरं काय तुझी तिकिटं खातील?" गाडी हसली. दुसरी पाटीही आत आली. मी रुमाल खिशात घातला, एवढंच काय ते केलं.

मग बाजारात मुंबईचा माल घेऊन एक व्यापारी येऊ लागला. टेम्पोभर जवळा, भावही कमी. एकदा तो मावशीजवळ उकिडवा बसून समजावू लागला, "आजी, कशाला हाल काढता? आता सगळी मासळी मुंबईला उतरती. तुमचं बंदर संपलं. माझा माल विका, बसल्या जागी पैसे देतो."

"संपला?" मावशी केवढ्यांदा हसली. "अरं, मचवे गेले. धक्का हाय तिथंच हाय. भावाची होरी हाय पान्यात. उलट बरा झाला, धक्का मोकळा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत मीच जवळा सुकत घालतंय. एवढा मोठा अंगण तुझे मुंबईत कुनाला हाय?"

दोन-तीन वर्षं ती अशीच आली. मग तिच्या गुडघ्यांनी ऐकणं सोडलं. शेवटच्या बाजारी तिने मला विचारलं, "मास्तर, मी नाय आली तं त्या टेम्पोवाल्याचा घेशील?"

मी घाईघाईने नाही म्हणालो.

"घे. पोटाला लागंल. पन इचार त्याला, कंच्या बंदराचा. ज्याला बंदर नाय तो माल घेव नको." मग ती तेच सगळ्या बायांना बजावत बाजारभर लंगडत फिरली.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. मी व्यापाऱ्याकडूनच जवळा घेतला, काही न विचारता. चवीला वाईट नव्हता, आणि तेच मला अजून बोचतं.

बायांनी मात्र विचारलं. एकीने माप पुढे केलं आणि विचारलं, "कंच्या बंदराचा?" तो म्हणाला, "मार्केटचा." तिने माप मागे घेतलं. दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. संध्याकाळी टेम्पो जवळजवळ भरलेलाच परत गेला. पुढच्या बाजारी त्याने बंदराचं नाव सांगितलं. खरं की खोटं, त्याचं त्याला ठाऊक. बायांनी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच मापं पुढे केली.