खाटेपाशी सांगायचं

"कोपऱ्यातली ना? ती नाटकी आहे गं. आमच्याच वस्तीतली. कण्हली की हो हो म्हण आणि पुढं चल." अक्कांनी पर्सची चेन ओढली.

दुपारच्या ड्युटीला आलेली धाकटी सिस्टर हसली. "आणि खिडकीपाशी?"

"तो रेडिओ. एकदा लागला की बंद करायचं बटण नाही. शेजारी महाराणी. तिची उशी तेवढी बघ, नाहीतर नवरा थेट साहेबांना फोन लावील."

अक्का म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या नर्स. अंगानं आडव्या, तोंडानं फटकळ, हाताला मात्र गुण. ड्युटी बदलली की जाणारीनं येणारीला एकेका खाटेची खबर द्यायची, त्याला तिथं ओव्हर देणं म्हणतात. ही ओव्हर टेबलाभोवती चहा पिता पिता चालायची, आणि अक्कांची असली की फुकटची करमणूक. त्यांनी ठेवलेलं टोपणनाव खाटेला असं चिकटायचं की खरं नाव कुणाला आठवू नये. बोलावल्यावर तासाभरानं उगवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांचं नाव 'आलोच'.

अक्का वाढल्या खाणीवर, दगडफोड्यांच्या वस्तीत. तिथली बाई दवाखान्यात आली की मागं निम्मी वस्ती यायची, कालवा व्हायचा, आणि अक्कांची मान खाली जायची. "आमची आई दगडांच्या ढिगाआड बाळंत झाली, ब्र काढला नाही," हे त्या प्रत्येक कण्हणारीला ऐकवायच्या. बाकीच्यांना ते सोयीचंच होतं. अक्का स्वतः तिथल्या, मग त्या म्हणतात ते खरंच असणार! महाराणीनं नुसतं हुं केलं तरी दुखण्याचं इंजेक्शन हजर. कोपऱ्यातलीचंही पोट तसंच चिरलेलं, टाके तसेच, पण तिनं हाक मारली की, "त्या तसल्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. रात्रपाळीची सिस्टर आळोखेपिळोखे देत म्हणाली, "नाटकी गप्प झाली बाई एकदाची. पहाटेपासून हूं की चूं नाही."

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. मग कप तोंडाशी नेता नेता थांबला. वॉर्ड जागा झालाय, डॉक्टरांच्या राउंडची वेळ झालीय, बघायला इतकी माणसं आहेत. नाटक करणारी नेमकी आत्ताच कशी गप्प बसेल?

कप ठेवून त्या कोपऱ्यात गेल्या. तिच्या नवऱ्याची आजी बाळाला मांडीवर घेऊन पेंगत होती. अक्कांनी पांघरूण सारलं. पोट फळीसारखं ताठ. ओठ पांढरेफटक. नाडी बोटाखाली नुसती पळत होती.

"स्ट्रेचर आणा! डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

तो आवाज ऐकून 'आलोच' खरोखरच आले, आणि तेही पळत. पोटात रक्त साचलं होतं. परत चिरावं लागलं. बाई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. पहिलंच लेकरू होतं ते.

म्हातारी बाहेर बाकावर बसून होती. अक्का तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीनं वर बघितलं.

"सिस्टरबाई, नाटकी म्हणजे कोण? काल जी ती येऊन तेच म्हणून जात होती."

अक्का बाकाच्या कडेला टेकल्या.

"तू आमच्या वस्तीतलीच ना गं? तुझी आई नि मी एका मुकादमाखाली राबलो. तुझ्या वेळेला तिचा हात धरायला मीच होते. काय ओरडली होती बया! शिव्या मुकादमापर्यंत पोचल्या. तो टोपी टाकून पळाला!" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "आमची पोर काल तशी ओरडायला पाहिजे होती. लाजली."

दुपारी धाकटी सिस्टर चहा घेऊन टेबलाशी टेकली. "हं, सांगा अक्का. आज कोणाचं बारसं?"

"कप ठेव. ऊठ. खाटेपाशी चल."

"अहो, पाय मोडलेत माझे!"

"मोडू देत. ज्या बाईची खबर, तिच्यासमोर द्यायची. तिच्या तोंडावर म्हणता येत नाही ते टेबलावरही म्हणायचं नाही. नाटकी हे नाव माझं होतं. तुम्ही सगळ्यांनी नुसतं पुढं नेलं."

"मग रेडिओला काय म्हणू?"

"रेडिओ म्हणून बघ तिच्यासमोर. मग ऐक बातम्या."

पहिले काही दिवस कुरकुर झाली. अक्का म्हातारपणी साध्वी झाल्या, असंही कुणी म्हणालं. ओव्हरला वेळ लागे, चहा गार होई. अक्का पहिल्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहत, मग बाकीच्यांना यावंच लागे.

आठवड्याभरानं कोपऱ्यातली आयसीयूतून वॉर्डात परत आली. ओव्हरचं टोळकं खाटेभोवती उभं राहिलं.

"दुखतंय का?" अक्कांनी विचारलं.

बाईनं आधी धाकट्या सिस्टरकडं बघितलं, मग म्हातारीकडं. "नाही."

"खरं सांग. आमची आई मुकादम पळेपर्यंत ओरडली होती. विचार तुझ्या आजेसासूला."

बाईनं ओठ दाबले. मग हळूच म्हणाली, "लई दुखतंय."

"हां." अक्कांनी इंजेक्शन भरलं, दिलं, कापूस दाबून धरला आणि टोळकं घेऊन शेजारच्या खाटेकडं वळल्या.