हात मागे!

आमच्या लॅबच्या बाई कॉम्प्युटर शिकवताना मुलांना हात मागे बांधायला लावत, पहिलीतल्या पोरांना लावतात तसे. कमांड टाइप झाली की हुकूम सुटायचा, "हात मागे! आता मोठ्यानं वाचा, काय लिहिलंय." वाचल्याशिवाय एंटर दाबायची परवानगी नसे. मिसरूड फुटलेले आम्ही बाप्ये पाठीमागे हात घेऊन एकेक अक्षर वाचायचो आणि मेकॅनिकलची पोरं खिडकीतून दात काढायची.

काष्टीजवळच्या आमच्या पॉलिटेक्निकात लिनक्सचं मशीन एकच होतं, तेही जुनं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून बाईंनी स्वतः लिनक्स बसवलं होतं, त्यामुळे त्या मशीनवर त्यांचा भारी जीव. रोज सकाळी पदरानं स्क्रीन पुसत. बाई मूळच्या मिरजगावच्या. शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, पण आनंद झाला की गाव उसळी मारायचं. कुणाचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला की, "आरं, चाललं की रं! लई भारी हाय!" ते ऐकायला मिळावं म्हणून आम्ही अभ्यास करायचो.

शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टचा प्रोग्राम पुण्यात मामेभावाच्या मशीनवर लिहून आणला. लॅबमधल्या जुन्या कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजावून देणाऱ्या प्रोग्रामला, तो काही झेपेना. अख्खी स्क्रीन चुकांनी भरली. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रोजेक्ट चालला नाही तर वर्ष वाया. माझा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "रडतोस काय? नवा कंपायलर बसवू." त्याची सीडी भावानं दिलीच होती.

शनिवारी सकाळी बाई लग्नघरातल्या करवलीसारख्या उत्साहात होत्या. नव्या कंपायलरला एक नवी फाइल हवी होती, आणि तिच्या जुन्या आवृत्तीवर मशीनमधले बहुतेक सगळे प्रोग्राम चालत होते. बाईंनी जुनीवर नवी टाकली आणि न वाचताच एंटर दाबलं. झालं! मशीन एकही कमांड ऐकेना. साधी फाइलींची यादीसुद्धा दाखवेना. तेवढ्यात मागून आमच्या वर्गातली सुनंदा हळूच म्हणाली, "बाई, हात मागे."

बाईंनी खरंच हात मागे बांधले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "व्हय गं बाई, माजंच चुकलं."

मग कपाटातून त्यांनी अडीअडचणीसाठी ठेवलेली फ्लॉपी काढली, तिच्यावरून मशीन सुरू केलं आणि मासिकाच्या सीडीवरची जुनी फाइल परत जागेवर ठेवली. "आता जुन्याला हात लावायचा नाही. नव्याला त्याच घरात वेगळी चूल मांडून देऊ." नव्या कंपायलरचा मूळ कोड सीडीवर होता; त्यापासून इथंच घडवलेला कंपायलर जुन्या फाइलीवरही चालणार होता. तो कोड वेगळ्या डिरेक्टरीत उतरवून त्यांनी जुन्या कंपायलरलाच कामाला जुंपलं.

"म्हणजे जुनाच नव्याला घडवणार?" मी विचारलं.

"मग दुसरं कोण घडवणार?" बाई म्हणाल्या.

तासन्‌तास स्क्रीनवर ओळी धावत होत्या. दुपारी लाइट गेली. मी डोकं धरून बसलो, पण बाई निवांत. "जितं थांबलं तितनं पुडं सुरू हुतं, घाबरू नको." लाइट आल्यावर तसंच झालं. गावातला बाजार उठायच्या सुमाराला माझा प्रोग्राम चालला. बाईंची ती आरोळी पार मेकॅनिकलच्या वर्कशॉपपर्यंत गेली असेल. लॅबमध्ये खाऊ नये हा त्यांचाच नियम, आणि त्यांनीच शिपायाला भेळ आणायला पिटाळलं. सोमवारी परीक्षक खूश झाले. मी पास झालो आणि पुण्यात नोकरीला लागलो.

वर्षभरानं पेढे घेऊन बाईंना भेटायला गेलो. "कशात काम करतोस?" मी कॉम्प्युटरच्या एका नव्या भाषेचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलंही नव्हतं. "सीडी आणलीस?" आणली होती. मला वाटलं, मला बसायला सांगतील. पण खुर्चीत त्या बसल्या आणि मला मागे उभं केलं. मी सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. शेवटची कमांड झाली तसे बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, ओळ अक्षर न्‌ अक्षर मोठ्यानं वाचली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दाबू का, सर?"

मीही ती ओळ मोठ्यानं, अक्षर न्‌ अक्षर वाचली आणि मगच "हो" म्हणालो. तोवर बाई हात मागे बांधून शहाण्या मुलीसारख्या थांबून राहिल्या.