लिंबोणीचं खाणं

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या मागे खिडकीतून लिंबोणी दिसायची, ती कुठे गेली?" तेवढ्यात आजोबा खोलीत आले आणि मी विषय बदलला. तुम्हा दोघांना सगळं नीट सांगायला हवं. फोनवर ते मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

थोरल्या, तुझं बारसं झालं त्या पावसाळ्यात आजोबांनी ती तुझ्या नावाने लावली. आपली आष्टीची जमीन मुरमाड, म्हणून त्यांनी तळ्यातला काळा गाळ आणून परसात पसरला आणि मगच रोप लावलं. तेव्हापासून तिचं खाणं त्यांच्याकडे होतं. शेण, गोमूत्र, काळा गूळ, हरभऱ्याचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती ड्रममधल्या पाण्यात कालवायची, वर गोणपाट टाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. काही दिवसांनी आंबूस वास सुटला की त्यात भरपूर पाणी मिसळून ते झाडांना द्यायचं. याला जीवामृत म्हणतात. तुम्ही सुट्टीत आलात की नाक दाबून पळायचात, आणि आजोबा ओरडायचे, "पळा, पळा! सरबताला मात्र पहिले याल."

देण्याची त्यांची एक रीत होती. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते तिथे ते काठीने गोल रेघ ओढत, त्या रेघेवर उथळ चर खणत आणि फक्त त्या चरात ओतत. झाडाची खाणारी बारीक मुळं तिथे असतात. लग्नानंतर एकदा मी तेव्हाच्या एका झाडाच्या बुंध्याशी शेण टाकलं, तर म्हणाले, "पाहुणा जेवायला बसला की त्याच्या डोक्यावर ताट उपडं करतेस का?" मला ते इतकं लागलं की पुन्हा कधी चुकले नाही.

आजोबांचा आजार तुम्हाला माहीत आहे. आधी नावं गेली, मग रस्ते गेले. बटईने दिलेल्या शेतावर जाणं बंद झालं. ड्रम ढवळणं तेवढं राहिलं होतं. मला वाटलं, एवढं राहिलं तरी पुष्कळ आहे. पण एके दिवशी सकाळी खाणं देऊन झालेलं असताना ते दुपारी पुन्हा बादली घेऊन निघाले. मी म्हणाले, "अहो, आत्ताच तर दिलंत." ते म्हणाले, "उपाशी आहे ती." आणि पिंपळाला पाणी घालावं तसं त्यांनी सगळं बुंध्यावर ओतलं.

मग रोजच तसं होऊ लागलं. काळ्या गाळात पाणी मुरेना. बुंध्याशी शेणाचा चिखल साचला, पानं पिवळी पडली, सालीतून डिंक पाझरू लागला. मी बुंध्याभोवती विटा रचल्या, तर त्यांनी एकेक उचलून बाजूला ठेवल्या. मी जीवामृतात गुपचूप पाणी वाढवलं. त्यांनी बादलीवर वाकून वास घेतला आणि म्हणाले, "यात काहीच नाही." माणसं विसरलेल्या त्या डोक्याला हे कळत होतं.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, तो ड्रमच काढून टाक. झाड वाचेल आणि तुझी दगदगही वाचेल." ज्यांच्या गोठ्यातून आपल्याकडे शेण यायचं ते शेजारचं कुटुंब दसऱ्यानंतर बैल आणि गाय घेऊन ऊसतोडीला गेलं, तेव्हा मला निमित्त मिळालं. मी ड्रम उलटा करून कोठीत ठेवला आणि त्यांना सांगितलं, "शेणच मिळत नाही." तेव्हापासून ते ड्रमच्या जागेवर जाऊन बसायचे. पुढे जेवायलाही उठेनात. मी घास भरवायचे आणि ते तोंड फिरवायचे. इकडे लिंबोणीला मात्र कोवळी पालवी फुटली.

बाजाराच्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तो दार उघडं. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी नातवंडांना घेऊन घरीच राहिली होती. तिला घेऊन आजोबांना शोधायला निघाले. आजोबा बैलबाजारात सापडले. उकिडवे बसून शेण गोळा करत होते, सदऱ्याची झोळी करून तीत भरत होते. एक व्यापारी हसून विचारत होता, "बाबा, बैल घ्यायचाय का नुसतं शेणच?" चार जण हसले. आजोबा वर बघून म्हणाले, "घरी लिंबोणी उपाशी हाय." आमच्याशी ते असं बोलत नसत. ती त्यांच्या लहानपणची बोली होती.

"न्या मग, लई हाय," व्यापारी म्हणाला आणि पायाने आणखी थोडं त्यांच्याकडे सारलं.

वाटेत त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

"अवो दादा, घरची हाय की ती!" म्हातारी ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कावून रडायलात? शेणापायी? माझ्या भावजयीची म्हस हाय, धाडून देते. का तुमच्या झाडाला म्हशीचं चालत न्हाई?"

"चालेल," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ड्रम बाहेर काढला. यातून लिंबोणी वाचणार नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनच काढला. आजोबांनी काठी हातात घेतली, नेहमीसारखं एकाच दिशेने ढवळलं आणि आत येऊन भाकरी मागितली.

उन्हाळ्याच्या तोंडावर लिंबोणीने भलताच बहर धरला. मरणारं झाड कधी कधी असं करतं. पानं थोडी आणि फांद्याफांद्यांवर पांढरी फुलं. आजोबा लहान मुलासारखे हरखले. "बघा, लागली खायला," असं मला म्हणाले. मी हो म्हणाले. फुलं गळाली, फळ एकही धरलं नाही. मग फांद्या वाळल्या. त्या कोणाला लागू नयेत म्हणून मी छाटून घेतल्या. आता कमरेएवढा बुंधा उभा आहे.

तुम्ही आलात की सरबताला लिंबं बाजारातून आणू. थोरल्या, ती तुझ्या नावाची होती. तुला न विचारता मी हे ठरवलं, म्हणून आधी तुला सांगते आहे. आजोबांसमोर झाड मेल्याचं बोलू नका. ते अजून सकाळ-संध्याकाळ त्या बुंध्याला खाणं देतात. बादली घेऊन निघाले की बाजूला व्हा. बादली जड असते आणि आता वाटेत हिंदकळते, पण धरायला जाऊ नका. त्यांना ते आवडत नाही.